स्कूटरचे टायर आणि ब्रेक

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग आणि बीदरहून कलबुर्गीकडे उतरणारा रस्ता हुमनाबादला एकमेकांना छेदतात. महामार्गाने मालमोटारी आणि बसगाड्या रात्रंदिवस धावत असतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या गाड्यांची त्यांत भर पडते. या अवजड वाहतुकीतून वाट काढीत बाजाराला येणारा शेतकरी, शाळेला निघालेली शिक्षिका, बँकेतील कारकून, माणिकनगरला दर्शनासाठी जाणारे कुटुंब, हे सारे पुष्कळदा एकाच प्रकारच्या वाहनावर बसलेले दिसतात. ते वाहन म्हणजे लहानशी स्कूटर होय.

मोटारीत बसलेल्या माणसाभोवती पोलादाची पेटी असते. स्कूटरस्वाराला असे कवच नाही. डोक्यावरचे हेल्मेट सोडले तर त्याचे रक्षण दोनच गोष्टींवर अवलंबून असते: टायरने रस्त्याला घट्ट धरून ठेवणे आणि ब्रेकने चाक वेळेवर थांबविणे. असे असूनही घरात स्कूटरसाठी पैसे काढले जातात तेव्हा नवे सीट-कव्हर, मोठा आवाज करणारा हॉर्न, रंगाची चकाकी यांचा क्रम आधी लागतो आणि टायर व ब्रेक यांचा सर्वांत शेवटी.

याचे कारण निष्काळजीपणा एवढेच नव्हे. इंजिन बिघडले तर स्कूटर जागची हलत नाही. मालकाला दुरुस्ती करावीच लागते. टायर गुळगुळीत झाला किंवा ब्रेक निम्मा झिजला, तरी स्कूटर चालतच राहते. किंबहुना रोजच्या सवयीने स्वार न कळत ब्रेकचा लिव्हर थोडा अधिक दाबू लागतो, वळणावर थोडा सावकाश जातो आणि दोष झाकला जातो. ज्या दिवशी एखादे पोर अचानक रस्त्यात धावते किंवा पुढची गाडी एकाएकी थांबते, त्या दिवशीच तो उघडा पडतो. इंजिन आपला बिघाड स्वतः सांगते. टायर आणि ब्रेक यांचा बिघाड मात्र शोधावा लागतो. या दोन भागांच्या निगेतील सारे मर्म एवढ्या एका गोष्टीत आहे.

भारतात स्कूटर आली ती दुर्मिळ वस्तू म्हणून. १९५५ मध्ये मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लँब्रेटा स्कूटरची जुळणी सुरू केली. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला बजाज कंपनीने इटलीच्या पियाज्जोच्या सहकार्याने व्हेस्पा तयार केली आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आणली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी तेव्हा कोठे स्कूटर दारी येत असे. साहजिकच मालक ती जिवापाड जपत. २००९ मध्ये बजाजने पेट्रोलवरील स्कूटरांचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२० मध्ये तेच चेतक हे नाव विजेवरील स्कूटरवर पुन्हा झळकले. आता स्कूटर हप्त्याने सहज मिळते. वस्तू सुलभ झाली. तिची निगा राखण्याची विद्या मात्र नव्याने शिकण्याची पाळी आली आहे.

या विद्येचा प्रारंभ चाकाच्या आकारापासून करावा लागतो. सुरुवातीच्या काही स्कूटरांची चाके आठ इंची होती. चेतकची दहा इंची होती आणि आजही अनेक स्कूटरांचे निदान मागचे चाक दहा इंचीच असते. असे चाक टायरसह एका फेऱ्यात सुमारे १ मीटर ३६ सेंटिमीटर अंतर कापते. म्हणजे एका किलोमीटरला ते सुमारे ७३० वेळा फिरते. अठरा इंची चाकाच्या साध्या मोटारसायकलला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे ५३० फेरे पुरतात. हुमनाबादहून बीदरला जाऊन परत यावयाचे तर अंतर साधारण शंभर किलोमीटर होते. तेवढ्यात स्कूटरच्या टायरचा प्रत्येक भाग रस्त्याला सुमारे ७३ हजार वेळा घासला जातो. लहान चाकाचा टायर मोठ्या चाकाच्या टायरपेक्षा लवकर का झिजतो, हे या हिशेबावरून ध्यानात येईल. शिवाय ज्या खड्ड्यावरून मोठे चाक अलगद निघून जाते, त्यात लहान चाक अधिक खोल उतरते आणि काठावर जोराने आदळते. अलीकडील कित्येक स्कूटरांत पुढचे चाक बारा इंची केले आहे, ते याचसाठी.

टायरची पहिली गरज हवा ही होय. वजन खरोखर पेलते ती आतील दाबलेली हवा. रबर आणि दोरे तिला केवळ कोंडून धरतात. हवा कमी असली की टायर दोन्ही कडांनी झिजतो, आत तापतो आणि वळणावर लचकतो. हवा जास्त झाली की तो मध्यभागी झिजतो आणि रस्त्याला टेकणारी जागा कमी होते. मुळात ही जागा तळहाताहूनही लहान असते. आजच्या अनेक लहान स्कूटरांत पुढच्या टायरला दर चौरस इंचास सुमारे २२ पौंड आणि मागच्या टायरला एकटा स्वार असल्यास २९ व दोघे असल्यास ३६ पौंड दाब सांगितलेला असतो. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत व बहुधा गाडीवरच चिकटविलेल्या पट्टीवर छापलेला असतो. तोच प्रमाण मानावा. हवा भरणाऱ्या पोराच्या अंदाजावर विसंबू नये.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. बीदर आणि कलबुर्गी भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि डांबर त्याहूनही तापते. टायरचे तपमान दहा अंशांनी वाढले की दाब सुमारे एक ते दीड पौंडाने वाढतो. दुपारी वीस-पंचवीस किलोमीटर चालून आलेल्या गाडीची हवा मोजून ती ‘जास्त’ म्हणून सोडून दिली, तर रात्री तोच टायर कमी हवेवर चालू लागतो. पंधरा दिवसांतून एकदा हवा तपासणे पुरेसे आहे. नळीच्या तोंडावरील टोपण क्षुल्लक वाटते. पण ते नसेल तर धूळ आत जाऊन हवा हळूहळू निसटू लागते.

टायर वाचता येतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच्या बाजूवर ‘९०/१००-१०’ असे लिहिलेले असेल, तर रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शंभर टक्के आणि रिंग दहा इंची असा त्याचा अर्थ होतो. पुढे ‘५३ जे’ असे असेल, तर तो टायर २०६ किलो वजन आणि ताशी १०० किलोमीटर वेग सहन करण्यासाठी बनविला आहे असे समजावे. लंबवर्तुळात छापलेले चार आकडे टायरचा जन्म सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर दिसायला नवा असला, तरी त्याचे रबर कडक होत गेलेले असते. म्हणून पैसे देण्यापूर्वी हे चार आकडे पाहण्याचा गिऱ्हाइकाने संकोच करू नये.

झीज ओळखण्याची खूणही टायरवरच असते. नक्षीच्या खाचांच्या तळाशी जागोजागी रबराचे लहान उंचवटे असतात. बाजूवरील छोट्या त्रिकोणाच्या खुणेवरून ते सापडतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायरचे आयुष्य संपले. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायर फारसा फरक जाणवू देत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी चिकण माती डांबरावर आली आणि तिच्यात मालमोटारींनी सांडलेले तेल मिसळले, की मात्र फरक कळतो. खाचांचे काम पाणी बाजूला काढून देणे हे आहे. खाचाच नसतील तर रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि चाक रस्ता सोडते. याकरिता नवा टायर घालण्याची योग्य वेळ पावसाळ्यापूर्वीची, मे महिन्याची होय.

टायर बदलताना काही सुधारणा करता येतात. त्याच मापाचा, निदान तितकेच वजन पेलणारा, पण ओल्या रस्त्यावर अधिक पकड देणारा चांगल्या प्रतीचा टायर घेणे ही पहिली आणि सर्वांत मोलाची सुधारणा. रिंग त्यासाठीच बनविलेली असेल, तर ट्यूबविरहित टायर बसवावा. ट्यूबच्या टायरला खिळा लागला की हवा पुष्कळदा एकदम निघून जाते आणि चाक सापासारखे वळवळते. ट्यूबविरहित टायरमधून ती बहुधा सावकाश निघते आणि स्वाराला बाजूला थांबण्याइतकी सवड मिळते. जुन्या चेतकला स्टेपनी असे. आजच्या बहुतेक लहान स्कूटरांना ती नसते. म्हणून आडरस्त्यावर ही सवड फार उपयोगी पडते. तथापि पंक्चर टायरच्या बाजूवर असेल, तर ठिगळ वा रबरी दोरी लावून काम भागवू नये; तो टायर टाकून द्यावा.

काही ‘सुधारणा’ मात्र टाळल्याच पाहिजेत. जाड टायर घातला की गाडी भक्कम दिसते. पण अरुंद रिंगेवर त्याचा आकार बिघडतो, तो मडगार्डला घासतो आणि वेगमापक चुकीचा आकडा दाखवू लागतो. जुन्या स्कूटरची रिंग दोन पत्र्यांची, नटांनी जोडलेली असते. तिच्या सांध्यातून हवा निसटत असल्यामुळे तिच्यावर ट्यूबविरहित टायर चालत नाही. या रिंगेचे नट टायरमधील सारी हवा काढल्याशिवाय कधीही सोडू नयेत. आतील दाबाने दोन्ही पत्रे उसळून जीव जाण्यासारखा अपघात होऊ शकतो. ड्रम ब्रेक काढून पुढे डिस्क बसविण्याचे आमिषही काही जण दाखवितात. त्यासाठी पुढचा फोर्क, चाकाचा मधला भाग, लिव्हर आणि द्रवाची नळी, असे सारेच बदलावे लागते. शिवाय निर्मात्याने ठरविलेल्या रचनेत मनास येईल तसा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे. ज्याला डिस्क हवी असेल त्याने पुढील खरेदीच्या वेळी डिस्क असलेली गाडीच निवडावी.

आता ब्रेककडे वळले पाहिजे. ड्रम ब्रेकची रचना साधी आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ डब्यात, म्हणजे ड्रममध्ये, अर्धवर्तुळाकार दोन शू असतात. लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, एक लहानसा दांडा फिरतो आणि दोन्ही शू फाकून ड्रमच्या आतील बाजूवर घासतात. गाडीची गती या घर्षणात उष्णतेच्या रूपाने खर्च होते. लिव्हर सोडताच स्प्रिंगा शूंना पुन्हा जवळ ओढतात. शूवरील लायनिंग झिजत जाते, तसतसा लिव्हर अधिक आत येऊ लागतो.

लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी. ती वाढली की मागच्या चाकाजवळचा नट पान्याने थोडा थोडा आवळावा. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून इंजिन बंद ठेवावे आणि चाक हाताने फिरवीत राहावे. शू घासल्याचा बारीक आवाज आला की नट किंचित सैल करावा. चाक मोकळे फिरले पाहिजे. घासणारा ब्रेक पेट्रोल खातो आणि ड्रम तापवितो. पुष्कळ स्कूटरांच्या ब्रेकच्या झाकणावर बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण खुणेला भिडला, तर नट आवळण्यात अर्थ नाही. शू बदलण्याची वेळ झाली असे समजावे. त्याच वेळी केबलही पाहावी. तिची एखादी तार जरी तुटलेली दिसली, तरी उरलेल्या तारांवर विश्वास न ठेवता केबल नवी घालावी. नव्या केबलचा खर्च फार मोठा नसतो आणि जुन्या स्कूटरच्या ब्रेकमध्ये तिच्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

मागचा ब्रेक नव्या शूंनीही लागत नसेल, तर दोष बहुधा तेलाचा असतो. स्कूटरचे मागचे चाक गिअरच्या पेटीला लागूनच असते. मधले ऑइल-सील गळू लागले की तेल ड्रममध्ये उतरते आणि लायनिंग त्याने माखते. अशा वेळी काचकागदाने शू घासून देणारा कारागीर दोन दिवसांची सोय करतो. सील बदलून नवे शू घालणारा दोष मुळातून काढतो. ड्रममधील धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनिंगमध्ये फुफ्फुसाला घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसावी. गाडी धुतल्यावर किंवा ओढ्याच्या पाण्यातून काढल्यावर थोडे अंतर हळू चालवून ब्रेक हलकेच दोन-तीनदा दाबावा, म्हणजे आतील ओल सुकते.

डिस्क ब्रेकची निगा थोडी निराळी आहे. त्यात केबलऐवजी द्रव असतो. हा द्रव हवेतील ओल शोषून घेतो. ओल मुरलेला द्रव तापला की त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ लागून आत जातो. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी, झाकणावर लिहिलेल्या प्रतीचाच द्रव नव्याने भरावा. पॅडवरील खाच दिसेनाशी झाली की पॅड बदलावेत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी. पर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक किंवा चाक जाम न होऊ देणारी योजना सक्तीची आहे. एकत्रित ब्रेकमध्ये डावा लिव्हर दाबताच मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. दोन्हींचा मेळ बिघडू नये म्हणून त्याची जुळवणी जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी. विजेच्या स्कूटरमध्ये मोटरच गती कमी करण्यास हातभार लावते. त्यामुळे शू व पॅड कमी झिजतात, पण कमी वापरामुळे ते गंजून अडकत नाहीत ना, हे मात्र पाहावे लागते.

हे सर्व कशासाठी, याचे उत्तर साध्या गणितात आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. संकट दिसून हात लिव्हरवर आवळेपर्यंत एवढा वेळ सहज जातो. त्यानंतर चांगल्या टायर-ब्रेकच्या स्कूटरला थांबण्यास सुमारे १२ मीटर लागतात. एकूण २३ मीटर. वेग ६० झाला की हेच अंतर सुमारे ४५ मीटर होते. वेग दीडपट, पण अंतर जवळजवळ दुप्पट. टायर-ब्रेक झिजल्यामुळे थांबविण्याची शक्ती निम्मी झाली, तर ४० च्या वेगालाही २३ ऐवजी ३५ मीटर लागतात. मधले बारा मीटर म्हणजे एका मालमोटारीची लांबी.

ब्रेक लावण्याची रीतही यातच येते. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर झुकते. म्हणून थांबविण्याचे अधिक काम पुढचा ब्रेक करतो. त्याला भिऊन केवळ मागचा दाबणाऱ्याचे मागचे चाक जाम होऊन घसरते. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक बरोबर, चढत्या जोराने दाबावेत; वळणात आणि वाळूवर पुढचा झटक्याने दाबू नये. हुमनाबादहून कलबुर्गीकडे जाताना रस्ता एकंदरीत उतरत जातो. उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करण्याची काहींची खोड असते. त्यामुळे इंजिनाचा आधार जातो, सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक नेमका तळाशी दगा देतो.

अखेरीस एका घरगुती रिवाजाचा विचार केला पाहिजे. अनेक घरांत नवी गाडी आली की जुनी स्कूटर कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे येते. वडिलांच्या हाताला तिचे सारे दोष पाठ असतात. ब्रेक कितवर दाबावा लागतो, चाक कोठे घसरते, हे त्यांना न सांगता कळते. मुलांना ते ठाऊक नसते. घरात सर्वांत कमी अनुभव ज्याला आहे त्याच्याच वाट्याला सर्वांत झिजलेला टायर आणि सर्वांत सैल ब्रेक येतो. शहरातून जुनी स्कूटर विकत आणणाऱ्यांचीही हीच गत होते. म्हणून स्कूटरची किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी दोन टायर, दोन केबली आणि शूंचा एक जोड एवढा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. त्यानंतर महिन्यातून एका रविवारी सकाळी हवा मोजणे, नक्षीतील खडे काढून खुणा पाहणे, लिव्हरची चाल तपासणे आणि केबलीवरून नजर फिरविणे, यास पंधरा मिनिटे पुरतात. मुलांना शेजारी उभे करून ही कामे त्यांच्याच हातून करविली, तर पुढच्या महिन्यात ती सांगावी लागणार नाहीत.